मंचाच्या नावावर खाते नको

प्रिय,

चौदा संस्थांच्या तुमच्या मंचाची न्यास म्हणून नोंदणी करावी का, या तुझ्या प्रश्नाने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी दाराशी आला आहे, निम्म्या सभासद संस्थांकडे तो घेण्यापुरती कागदपत्रे नाहीत, म्हणून मंचानेच तो घेऊन सर्वांना वाटावा असे बैठकीत जवळजवळ ठरले आहे, आणि तुला मात्र काहीतरी खटकते आहे. तुला खटकते आहे ते बरोबरच आहे. मंचाच्या नावावर बँकेत खाते उघडू नकोस.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, आमच्या मंचाने दुष्काळी कामासाठी परदेशी देणगी स्वीकारली. मंचाची नोंदणी आधीच झालेली होती, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी, तेही मिळालेले होते. वीसपैकी ज्या नऊ संस्थांकडे स्वतःचे एफसीआरए होते, त्यांच्याकडे पैसे वळते करणे सोपे होते. उरलेल्या अकरा संस्था त्याच दिवशी दुय्यम ठरल्या आणि हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली. तोवर रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि टँकरच्या बुडालेल्या खेपा हे बैठकीतले विषय मागे पडले होते. पुढचा हप्ता कधी येणार आणि पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणाचे राहिले, एवढेच आम्ही बोलत होतो.

एक दुपार मी विसरू शकत नाही. मंचाच्या स्थापनेपासून माझ्या शेजारी सतरंजीवर बसणारी एक कार्यकर्ती बिलांची पिशवी घेऊन आली होती. आमचा हिशेबनीस टेबलापलीकडे बसून तिला एकेक पावती परत करत होता, कारण मजुरीच्या पावत्यांवर रेव्हेन्यू स्टँप नव्हते. ती उभी होती. मी आतल्या खोलीतून पाहत होते आणि उठले नाही. त्यानंतर ती बैठकीला आली, पण माझ्या म्हणण्याला तिने पुन्हा कधी विरोध केला नाही. विरोध थांबला तेव्हाच आमचा मंच संपला होता.

तू म्हणशील, दुष्काळात माणसे होरपळत असताना आलेले पैसे परत पाठवायचे होते का? नाही, आणि तेव्हाही मी तेच उत्तर दिले असते. पण तो निधी एखाद्या सभासद संस्थेला तिच्या नावाने, तिच्या जबाबदारीवर थेट मिळवून देता आला असता. त्याला तीन-चार महिने जास्त लागले असते, आणि तेवढा धीर माझ्याकडे नव्हता.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास पूर्ण बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. ऐन कोरोनात आमचे वाटप थांबले. पुढच्या बैठकीला पाच जण आले. कायदा अन्यायाचाच होता, त्याविरुद्ध मी आजही बोलते. पण पैसे थांबताच माणसे थांबली, हा दोष कायद्याचा नव्हता.

याउलट २००४ आठवते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था-संघटनांचे जाळे असलेले जन स्वास्थ्य अभियान यांनी मिळून आरोग्य हक्कांवर विभागवार जनसुनवाया घेतल्या. आपल्या पश्चिम विभागाची भोपाळला झाली. सरकारी दवाखान्यातून परत पाठवलेल्या रुग्णांची प्रकरणे ठिकठिकाणच्या संस्थांनी आपापल्या भागात नोंदवून आणली होती. एका संस्थेची दोन प्रकरणे कोणीही अपवाद म्हणून बाजूला सारली असती, पण अनेक जिल्ह्यांतली तशीच प्रकरणे एका दिवशी एका व्यासपीठावर आल्यावर ती सोय राहत नाही. मंच लागतो तो यासाठी. जे काम एक सभासद संस्था करू शकते ते मंचाने करू नये, आणि निधी घेणे हे सभासद संस्थेचे काम आहे. म्हणून पुन्हा सांगते, खाते नको.

‘पण छोट्या संस्थांकडे कागदपत्रे नाहीत’ हे कारण मला आता पुन्हा सांगू नकोस. नाहीत, तर ती करून देणे हेच मंचाचे काम आहे. आयकराच्या बारा-ए आणि ऐंशी-जी या नोंदण्या आणि त्यानंतर सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी हा रस्ता लांबचा असला तरी माहीत असलेला आहे. बहुतेकांची गाडी त्याच्याही आधी, धर्मादाय कार्यालयात अडते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो. तो कोणी दिलेला नसतो, आणि परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या विश्वस्तांची नावे तशीच असतात. तुमच्यातल्या मोठ्या संस्थेचा हिशेबनीस महिन्यातून दोन दिवस या कामाला दे. बैठका आळीपाळीने एकेका संस्थेत घ्या, प्रवास ज्याचा त्याने करावा, आणि तुझे मानधन सर्वांच्या वर्गणीतून निघू दे, ते कितीही कमी असले तरी. ते कमी पडते हे मला ठाऊक आहे. माझ्या घरानेही ती वर्षे काढली आहेत.

तुला कदाचित वाटेल की मी माझ्या चुकीची भरपाई तुझ्याकडून करून घेते आहे. तसे असेलही, पण म्हणून मी माझे म्हणणे सैल करणार नाही.

पुढच्या बैठकीआधी ज्या सात संस्थांकडे कागदपत्रे नाहीत, त्यांच्याकडे स्वतः जा, फोनवर भागवू नकोस. प्रत्येकीचा परिशिष्ट एकचा उतारा घेऊन ये आणि रविवारी माझ्याकडे ये. कोणाचा बदल अहवाल कुठे अडला आहे ते आपण दोघी बसून पाहू.

तुझी,
ताई