गाडीच्या धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम वगैरेचे नॅनोकणच का वापरतात, साधा पत्रा का नाही चालत?

कारण सगळं काम पृष्ठभागावर होतं. पत्रा लावला तर आतले अणू नुसते फुकट जातात आणि हे धातू भयंकर महाग, म्हणून काही नॅनोमीटरचे कण करून सिरॅमिकच्या जाळीवर पसरवतात, म्हणजे थोड्याशा धातूत भरपूर पृष्ठभाग मिळतो. प्लॅटिनम-पॅलॅडियम कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेलं इंधन जाळून टाकतात, ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साईड फोडून साधा नायट्रोजन करतं (माझ्या मते खरी कमाल यातच आहे).

पण खरी डोकेदुखी म्हणजे उष्णता. तापमान ८०० अंशांच्या वर गेलं की कण सरकतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग घटतो, म्हणून सिरियम-झिर्कोनियम ऑक्साईडचा आधार देतात, तो कणांना धरूनही ठेवतो आणि लागेल तसा ऑक्सिजनही पुरवतो. आणि थंड इंजिनात साधारण २५०-३०० अंश होईपर्यंत कन्व्हर्टर जवळपास झोपलेलाच असतो, त्यामुळे सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांतच सगळ्यात घाण धूर निघतो.

एक कळकळीचं सांगतो, इंजिन मिसफायर होत असेल तर तशीच गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळीच वितळते.