वाचकांचे प्रश्न : रापणीवरची टोपली

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) ओढून झाली की एक म्हातारी विधवा टोपली घेऊन उभी राहते. तिला मूठभर बांगडे देणे, हे बायबलनुसार दान ठरते का?

उत्तर : माझ्या मते, तो आधी तिचा हक्क ठरतो. शेताच्या कडेचे पीक कापू नये, कापणीत गळून पडलेली कणसे, म्हणजे सरवा, वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा बायबलमधील लेवीय या पुस्तकात (19:9-10) आहे. विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती, तेव्हा त्याने गड्यांना पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम गाळायला सांगितली आणि तिला धमकावू नका, असेही बजावले. ही दुसरी सूचना मला फार मोलाची वाटते. म्हणून वाटे घालतानाच तिचाही वाटा काढा, तिला हात पसरावा लागू नये.