शेजाऱ्याची काडी, आपलं पाचट: सांगली जिल्ह्यातून आलेल्या चार प्रश्नांना उत्तरं

गेल्या काही आठवड्यांत शेतीशाळेत आणि फोनवर आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत. पिकं वेगळी, तालुके वेगळे, पण चौघांच्याही मनात एकच शंका आहे: जमिनीला, पाण्याला बरं म्हणून साहेब सांगतात ते खरं, पण आमच्या पदरात काय?

प्रश्न (वाळवा तालुका): आमच्या गटात बावीस जण आहेत. ऊस तुटल्यावर रानात राहणारा वाळका पाला, म्हणजे पाचट, जाळायचं नाही असं सात जणांनी ठरवलं. बाकीचे तोडणी झाली की काडी लावतात. त्यांना कसं पटवावं?

पर्यावरणाचं भाषण त्यांना देऊ नका. धूर वाईट आहे हे त्यांना ठाऊक आहे. काडी लावण्यामागे त्यांची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. सरीत पाणी पुढे सरकत नाही, पाचटाखाली उंदीर होतात, त्यामागं साप येतो, फुटवा दबतो, आणि कुट्टीचं मशीन गावात एकच असेल तर नंबर लागेपर्यंत खोडवा, म्हणजे बुडख्यांतून फुटलेला पुढचा ऊस, गुडघ्याला येतो.

आमच्या कृषी खात्याचीही यात एक चूक झाली. आम्ही वर्षानुवर्षं खताची बचत सांगत आलो. जरा हिशेब करून बघा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे 40 ते 50 किलो. युरियाच्या दोन पिशव्यांएवढं. 45 किलोची पिशवी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे बचत झाली पाचशे-साडेपाचशेची. त्यातही पाचट कुजवायला आम्हीच टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायला सांगतो. नत्राचा हिशेब पहिल्या वर्षी बरोबरीत सुटतो. पालाश त्याहून जास्त मिळतं आणि पोटॅशची पिशवी दीड हजाराच्या पुढे आहे, तेवढा मुद्दा खरा. पण फक्त खताच्या जोरावर कुणी काडीपेटी खिशात ठेवणार नाही.

मग कशाच्या जोरावर ठेवेल? रात्रीच्या पाण्याच्या. मी कृषी सहायक असताना एका गावात रस्त्याकडेला पाचटाचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. पाचट बुडख्यांवर तसंच पडू दिलं, सरीत ओढून घेतलंच नाही. फुटवा पिवळा पडला, विरळ झाला. येणारा-जाणारा बघून हसायचा आणि त्या गावात पुढं दोन वर्षं पाचटाचं नाव काढायची सोय राहिली नाही. पण त्याच प्लॉटच्या एका कोपऱ्यात शेतकऱ्याच्या आईनं बुडखे मोकळे केले होते, पाचट सरीत लोटलं होतं. एप्रिलमध्ये त्या कोपऱ्यातलं पाचट हातानं वर उचललं तर खाली माती ओली, बोटाला चिकटणारी, आणि गांडुळांच्या विष्ठेचे बारीक गोळे. बाजूच्या सरीला भेगा पडल्या होत्या. शेजारचा शेतकरी बांधावर उभा होता. त्यानं उताऱ्याचं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "हिला पाणी कधी दिलं होतं?" रात्रपाळीच्या लाईटला बॅटरी घेऊन उसात शिरायची एक खेप वाचणार, खुरपणीच्या दोन बायका कमी लागणार, हे त्याला तिथंच कळलं. पुढच्या हंगामात त्यानं पाचट ठेवलं.

हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी 259 शेतकऱ्यांकडे जाऊन संकरित मक्याचं बी कसं पसरलं ते विचारलं होतं. 1943 साली ते छापून आलं. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचं धाडस झालं ते शेजाऱ्याचं पीक बघून, आणि तेही आधी थोड्याशा रानात.

म्हणून तुमच्या सात जणांनी पंधरा जणांची सभा घेऊ नये. रस्त्याकडेचा एखाद्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा घ्या. 15 फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच खोडवा निवडा. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटा, पाचट सरीत लोटा. रान भारी असेल तर एक आड एक सरीत, म्हणजे पाण्याला वाट राहते. खत पहारीनं भोक पाडून द्या, पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साडेचार महिन्यांनी. वहीत तीनच गोष्टी लिहा: पाण्याच्या पाळ्या, खुरपणीची माणसं, काट्याची पावती. त्यासाठी त्या तुकड्याची ट्रॉली वेगळी भरायला चिटबॉयला, म्हणजे तोडणी बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळा ऊस एकत्र जातो आणि वर्षभराची मेहनत पावतीत दिसतच नाही.

आणि एक धोका. तुम्ही पाचट ठेवलं आणि शेजाऱ्यानं दुपारच्या वाऱ्यात काडी लावली, तर तुमचंही जातं. बांधालगतच्या दोन सऱ्या लगेच भिजवा किंवा तेवढं पाचट आत ओढून घ्या.

पाचट एकट्याला जमतं. हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, एकट्याला आवरत नाही. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. तुम्ही एकट्यानं प्रकाश सापळा लावला तर गोळा होतील त्याहून जास्त शेजारच्या बाभळीवरून तुमच्याच रानात अंडी घालायला येतील. तिथं मात्र बावीसच्या बावीस लागतात. त्यासाठी पाचटाचा वाद मिटायची वाट बघू नका. पाचटावरून न बोलणारी माणसंही भुंगेरे गोळा करायला येतात, हे मी बघितलं आहे.

प्रश्न (तासगाव तालुका): अवशेषमुक्त, म्हणजे औषधाचे अंश न राहिलेल्या, द्राक्षाला खर्च आणि जागरण जास्त, पण व्यापारी भाव सगळ्यांना एकच लावतो. मग करायचं कशाला?

तुमचा राग बरोबर आहे. स्थानिक व्यापारी साखर, रंग आणि मण्याची फुगवण बघतो, फवारणीची वही बघत नाही. तिथं जादा भावाची आशा धरून खर्च वाढवू नका.

पण 2010 चा हंगाम आठवा. सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला फवारतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. त्याआधी आम्ही कितीही सांगितलं तरी सीसीसी सुटत नव्हतं. त्या एका हंगामानंतर निर्यातीच्या बागांमधून ते गेलं. बाजारानं दार लावलं की जे होतं, ते मेळाव्यानं होत नाही. तेव्हा सगळी बाग नको, जिथं तुमचा हात बसला आहे तो एखादा एकर ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवा, फवारणीची वही रोजच्या रोज लिहा आणि औषध-काढणीतलं अंतर पाळा. राहिलेल्या बागेत भावाच्या मागं न लागता फवारण्याच कमी करा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं ठरावीक दिवसांनी पंप बाहेर काढायची सवय आहे. पान किती वेळ ओलं राहिलं, पाऊस किंवा दव किती, हे बघून काढा. वाचलेली फवारणी हाच तुमचा जादा भाव, आणि तो व्यापाऱ्याच्या हातात नाही.

प्रश्न (जत तालुका): ठिबकाला 80 टक्के अनुदान आहे, घेऊ का?

अल्प व अत्यल्प भूधारकाला 80, बाकीच्यांना 75 टक्के, पाच हेक्टरपर्यंत. पण महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर पूर्वसंमती आल्याशिवाय एक नळीही विकत घेऊ नका. पैसे नंतर खात्यावर येतात, तोवर उसनवारी कशी भागवणार तेही ठरवा.

अनुदानानं ठिबक शेतात येतं, चालू राहत नाही. गुंडाळून झाडाखाली टाकलेल्या नळ्या मी तुमच्याच भागात बघितल्या आहेत. क्षारानं ड्रीपर बंद, फिल्टर धुतलेला नाही, दुरुस्तीला माणूस नाही. कोटेशन घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: नळ्यांतले क्षार काढायची आम्लप्रक्रिया कोण शिकवणार, आणि दुरुस्तीचा माणूस किती किलोमीटरवर आहे. पाणी योजनेच्या आवर्तनाचं, म्हणजे ठरावीक पाळीनं सुटणारं, असेल तर साठवायला शेततळं लागेल. आवर्तन बंद असताना ठिबकाला पाणी कुठून आणणार?

प्रश्न (पलूस तालुका): जमीन खंडानं करतो, हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा गाडावा का?

खंड एका वर्षाचा असेल तर सांगायला मला संकोच वाटतो. गाडणार तुम्ही, फायदा पुढच्या वर्षी ती जमीन जो करील त्याला. मालकाशी तीन वर्षांचं लेखी बोलणं करून बघा, ताग-धैंच्याच्या बियाण्याचा निम्मा खर्च त्याच्याकडे मागा. मातीचं नाव निघालं की बरेच मालक ऐकतात. नाहीच ऐकलं तर त्याच हंगामात परत मिळेल तेवढंच करा: मातीची तपासणी, आणि सोयाबीन-हरभऱ्याला पेरणीआधी रायझोबियम (नत्र स्थिर करणारे) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) या जिवाणूंची बीजप्रक्रिया, सावलीत चोळून, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी.