अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात ड्रॉइंग, सिरॅमिक्स, प्रिंटमेकिंग एकत्र शिकता येतं का?

येतं, पण तिन्ही एकाच सत्रात घेऊ नका. ३ क्रेडिटच्या स्टुडिओ वर्गात आठवड्याला साधारण ६ तास जातात, सराव वेगळा. दोन स्टुडिओ, एक कला-इतिहास आणि एक सामान्य विषय घेतला की १२ क्रेडिट होतात. या गतीने कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या 'असोसिएट' पदवीचे ६० क्रेडिट पाच सत्रांत होतील, चारचा हट्ट नको. ड्रॉइंग आणि द्विमितीय डिझाइन आधी उरका. पुढच्या बऱ्याच वर्गांची तीच पूर्वअट असते. सिरॅमिक्सचं काम सत्राच्या शेवटावर कधीच ढकलू नका. माती पूर्ण सुकावी लागते, मग भट्टी दोनदा. ओलसर भांडं भाजलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं. कॅलिफोर्नियात असाल, तर पुढे बदली घेताना कोणत्या वर्गाचे क्रेडिट कुठल्या सरकारी विद्यापीठात धरतात ते प्रवेशाआधीच 'असिस्ट' संकेतस्थळावर तपासा.