जपानी लॅकरच्या वस्तू संग्रहालयात इतक्या अंधारात का ठेवतात? जपानच्या कानाझावा शहरातलं समकालीन कलेचं संग्रहालय तर लख्ख उजेडात असतं.

कारण उजेडानं, विशेषतः त्यातल्या अतिनील किरणांनी, लॅकरचा पृष्ठभाग कायमचा बिघडतो. हे लॅकर म्हणजे उरुशी, एका झाडाचा चीक. दमट हवेत तो कडक होतो, मग पाणी, आम्ल सगळं सोसतो. उजेडापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. चकाकी जाते, बारीक तडे पडतात. हवा फार कोरडी झाली तर आतलं लाकूड आकसतं, म्हणून काचपेटीत आर्द्रताही सांभाळतात. (माकि-ए, म्हणजे ओल्या लॅकरवर सोन्याची भुकटी भुरभुरवून केलेली नक्षी, तशीही मंद उजेडातच खुलते, असं माझं मत.) पण नुसत्या ‘समकालीन’ या पाटीवर जाऊ नका: आजच्या कलाकारानं उरुशीत केलेलं कामही प्रखर दिव्याखाली ठेवून चालत नाही.