घरगुती मसाले ऑनलाइन विकण्यासाठी जीएसटी नोंदणी सक्तीची आहे का?

महाराष्ट्रातून फक्त महाराष्ट्रातच माल पाठवणार असाल आणि वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असेल, तर मसाल्यांसाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र बेळगाव किंवा पणजीच्या ग्राहकाला एक जरी पार्सल विकले, तरी ती आंतरराज्य विक्री ठरते आणि केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 24 नुसार उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. पूर्वी ई-कॉमर्स कंपनीच्या मंचावरून माल विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी करावी लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली असून त्यांना जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे केवळ नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तोही एकाच राज्यासाठी. जुनी माहिती अजूनही फिरत असल्यामुळे अनेक जण विनाकारण नोंदणी करून बसतात आणि मग विक्री शून्य असली तरी विवरणपत्रे भरत राहतात.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, तर तुमच्या पॅनवरील देशभरातील एकूण विक्री. तुमचा दुसरा काही व्यवसाय असल्यास त्याची विक्रीही यात मिळवली जाते. ही मर्यादा वस्तूंपुरती आहे, सेवांसाठी ती 20 लाख आहे, आणि मसाल्यांबरोबर आइस्क्रीमही विकणार असाल तर 40 लाखांची सवलत लागू होत नाही. खाद्यपदार्थांसाठीची एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) नोंदणी मात्र वेगळी असून ती या सुटीत येत नाही.