विंडोज ११ टाकल्यापासून दुसरा मॉनिटर दिसत नाही, काय करू?

सेटिंग्जमध्ये शिरायच्या आधी खुर्चीवरून उठा आणि सीपीयूच्या मागं मोबाइलचा टॉर्च मारून बघा. खरंच सांगतोय, मस्करी नाही.

तुमच्याकडे दोन मॉनिटर, एक एचडीएमआयवर, दुसरा जुना व्हीजीएवाला कन्व्हर्टर लावून, मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड, १० वरून ११ केलं आणि आता जुन्यावर नुसतं 'नो सिग्नल', डिटेक्ट दाबलं तरी काही सापडत नाही. माझंही डिट्टो हेच झालं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी तोवर टाळत राहिलो आणि मग दिवाळीच्या तोंडावर बसलो अपग्रेडला, झालं व्यवस्थित, त्याच दिवशी घरात साफसफाई निघाली म्हणून सीपीयू गॅलरीत नेऊन धूळ उडवली, आणून जोडला, चालू केला तर एकच मॉनिटर. दोन दिवस विंडोजला शिव्या घातल्या, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा टाकला. शेवटी बायको म्हणाली, धूळ झटकल्यावर वायरी कुणी लावल्या होत्या? मीच लावल्या होत्या, आणि दुसरी वायर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य बोर्डाच्या) एचडीएमआयमध्ये खुपसली होती.

मागं बघा, यूएसबीच्या शेजारी वरच्या बाजूला जे एचडीएमआय किंवा व्हीजीए असतं ते मदरबोर्डचं. खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे पोर्ट. कार्ड बसवलं की बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डचं डिस्प्ले आपोआप बंद होतं, आणि इंटेलचा प्रोसेसर नावाच्या शेवटी एफ असलेला असेल (माझा तोच आहे) तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मग त्या पोर्टमधून कधीच काही येणार नाही. तुमच्यात ग्राफिक्स असेल आणि दोन्हीकडचे पोर्ट वापरायचेच असतील तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशा नावाचा ऑप्शन बघा. पण दोन्ही वायरी कार्डातच लावलेल्या बऱ्या, उगाच डोक्याला ताप नको.

आता तो कन्व्हर्टर. माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अॅनालॉग, त्यामुळे मधे छोटी चिप असते आणि ती पोर्टमधूनच करंट घेते. मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही बंद करा, मॉनिटरची पॉवरची पिनसुद्धा काढा, मिनिटभर थांबा, मग आधी मॉनिटर चालू करा आणि नंतर सीपीयू. कन्व्हर्टरला बाजूला बारीक यूएसबीचं भोक असेल तर ती पॉवर पण द्या. आणि हा एकाच दिशेनं चालतो बरं का, सीपीयूकडून एचडीएमआय निघून मॉनिटरला व्हीजीए, उलट्या कामाचा वेगळा मिळतो, दुकानात नुसतं 'एचडीएमआय व्हीजीए द्या' म्हटलं की कुठला हातात पडेल सांगता येत नाही.

वायरी ठीक असतील तर ड्रायव्हर. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले अॅडॅप्टर्स उघडा. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' असं दिसलं तर चोर सापडला, तो नुसता कामचलाऊ ड्रायव्हर आहे, त्याच्यावर दुसऱ्या मॉनिटरची आशा सोडा. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल जे असेल त्यांच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या. टाकताना स्क्रीन दोनतीनदा काळी होते, घाबरून बटण दाबू नका. कार्डाचं नाव बरोबर दिसत असेल तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा, ड्रायव्हर जागच्या जागी रीस्टार्ट होतो, उघडी कामं बंद होत नाहीत. विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंडवर (डेस्कटॉप दोन्ही मॉनिटरवर पसरवणारा ऑप्शन) आहे का तेही बघा, पहिल्याच ऑप्शनवर असेल तर दुसरा मॉनिटर काळाच राहणार.

मॉनिटर दिसायला लागला की निम्मी लढाई संपली, पण माउस उजवीकडे नेला की अडतो आणि डावीकडून बाहेर पडतो असं होऊ शकतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ चे चौकोन असतात ते माउसनं ओढून टेबलावर जसे आहेत तसे ठेवा, वरखाली असतील तर तसेही चालतात. टास्कबार मुख्य ज्याच्यावर हवा तो चौकोन निवडून खाली 'मेक धिस माय मेन डिस्प्ले'ला टिक करा, १० मध्ये टास्कबार ओढून दुसरीकडे नेता यायचा, ११ मध्ये तो प्रकार नाही. मल्टिपल डिस्प्लेजमध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा नवीन ऑप्शन आहे, तो चालू ठेवा, मॉनिटर झोपून उठला की सगळं एकावर गोळा व्हायचं ते यानं बरंच थांबतं. एखादी खिडकी हरवलीच तर ती टास्कबारवरून निवडा आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, ती दुसऱ्या स्क्रीनवर उडी मारते.

अक्षरं पुसट दिसली तर त्या मॉनिटरला रिकमेंडेड लिहिलंय तेच रेझोल्युशन द्या. दोघांचं स्केल (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते) वेगवेगळं असलं, एक १०० टक्के एक १५०, की जुनी सॉफ्टवेअर धुरकट दिसतात, साइन आउट करून परत आलं की बऱ्याचदा सुधारतं.

आणि हो, अगदीच जमलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' असतं, पण अपग्रेडनंतर १० दिवसच. त्या आधी डिस्क क्लीनअपमध्ये जुन्या विंडोजच्या फाइली उडवल्या असतील तर तेही नाही.

एवढं करून नाही आलं तर कार्डाचं नाव आणि मागच्या पोर्टचा फोटो टाका. कन्व्हर्टरची कंपनी नाही सांगितली तरी चालेल, माझ्यावर तर नावच नव्हतं, म्हणजे माझ्या कन्व्हर्टरवर.